डोळे मिटायची वेळ

ग्लेनिस ट्रँटरच्या घराचे पडदे दिवसाही ओढलेले असत. पत्र्यावर पाऊस वाजत राही. टास्मानियातल्या त्या खाणीच्या गावात पावसाचं कुणाला काही वाटत नसे. पोरं भर पावसात खडीच्या मैदानावर फुटबॉल खेळत आणि सोललेले गुडघे घेऊन घरी जात.

त्याच मैदानाच्या कडेला उभी असताना तिच्या कानशिलावर चेंडू बसला होता. शाळेत विज्ञान शिकवायची ती, पोरांना घेऊन आली होती. सगळे हसले. तीही हसली. मग उजेड डोळ्यांत सलू लागला, भांड्याचा आवाज सोसेना, फळ्यावर लिहिता लिहिता पुढचा शब्दच हरवू लागला. शाळेतली नोकरी सुटली. चर्चमधला ऑर्गन सोसेना, म्हणून रविवारची प्रार्थनाही घरातच, स्वतःशी. नवरा, रस त्याचं नाव, माणूस वाईट नव्हता, पण टीव्हीशिवाय त्याला घास उतरेना. तो समुद्रापलीकडे बहिणीकडे गेला तो तिकडचाच झाला. दिसायला ही धडधाकट. दुकानात बायका म्हणत, "छान दिसतेस गं, ग्लेनिस!"

आता माणसांत जाणं म्हणजे मंगळवार आणि शुक्रवार. डोक्याला मार बसून मेंदू हादरला तर काय करावं, हे लोकांना सोप्या भाषेत सांगणारी एक छोटी संस्था होती. कॉलेजातली मुलं घरबसल्या तिथे लिहायला शिकत, कुणी कुठून तर कुणी कुठून. नव्या मुलांना कामाची ओळख करून देणं हे ग्लेनिसचं काम. सगळे एकाच वेळी फोनवर जोडलेले, कॅमेरे बंद, नुसते आवाज; स्क्रीनकडे बघणं तिला झेपत नसे. आणि मध्येच डोक्याला विसावा म्हणून सगळ्यांनी डोळे मिटून गप्प बसायचं, फोन मात्र चालू ठेवायचे. संस्थेत याला 'डोळे मिटायची वेळ' म्हणत.

मुलांना ती शिक्षा वाटे. ग्लेनिस मात्र तिचीच वाट पाही. त्या शांततेत चार घरं तिच्या अंधाऱ्या खोलीत येऊन बसत. कुणाची किटली, कुणाचा कुत्रा, कुणाच्या दारावरून जाणारी ट्राम.

यंदाच्या मुलांना तिनं पहिल्याच दिवशी बजावलं, "'किरकोळ मार' हा शब्द आपल्याकडे चालत नाही. किरकोळ कुणाला? बघणाऱ्याला. ज्याच्या डोक्यात घणघण चाललंय त्याला विचारा."

"माझ्या भावाच्या डोक्यात हादरायला काही असेल तर ना!" वॉगा गावची ब्रॉन्टी म्हणाली.

"आणि तुमचं डोकं तुम्हालाच फसवू लागलं तर मी कुणाला सांगू? ज्यानं त्यानं एक नाव आणि फोन नंबर द्या," ग्लेनिस म्हणाली.

निको हसला. ब्रिस्बेनजवळच्या लोगनमधल्या, सामोआ बेटांवरून आलेल्या घरातला हा मुलगा, रग्बी खेळणारा. बाकीचे तिला ग्लेनिस म्हणत, हा 'आंटी' म्हणे. "लांगी आंटी. तिनंच वाढवलंय मला. पण आंटी, तिला काही कळवू नका हं! शाबूत डोकंसुद्धा फोडेल ती."

काम संपल्यावर सगळे पटापट निघून जात. निको तेवढा रेंगाळे. "जेवलात का, आंटी?" असं विचारी. ती म्हणे, "टोस्ट खाल्ला." "हे काय जेवण झालं?" तो रागवे. तिला जेवणाबद्दल विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पुढे एका मंगळवारी शांतता संपली आणि ती म्हणाली, "चला, उघडा डोळे."

"सुटले बाई!" ब्रॉन्टी म्हणाली.

"अजून थोडं नाही का बसता येणार?" हा निकोचा आवाज.

ग्लेनिसचा चहाचा मग हातातच राहिला. इतकी मुलं आली नि गेली, असं कुणी म्हटलं नव्हतं. धडधाकट माणसाला ती शांतता चावते. ती कुणाला हवीशी वाटते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

बाकीचे गेल्यावर तिनं विचारलं, "निको, खोलीचे पडदे ओढलेत?"

"ओढलेत," तो पुटपुटला.

"कधी लागलं, बाळा?"

"सरावात. काही नाही हो, किरकोळ…" शब्द तोंडातून गेला आणि तो थबकला. मग घाईनं म्हणाला, "शनिवारी फायनल आहे, आंटी. त्यानंतर झोपतो ना हवं तेवढं."

"फायनलमध्ये परत लागलं तर? लांगी आंटीला आज सांग. नाहीतर मी सांगते."

"मी तुम्हाला आपलं मानत होतो," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

ग्लेनिसनं नंबरांची वही उघडली. देवा, तिनं मनात म्हटलं, आहे तो एवढाच एक आवाज. पण देवाला सांगून भागण्यातलं हे नव्हतं. तिनं लोगनचा नंबर फिरवला.

शुक्रवारी निको आला नाही. डोळे मिटायची वेळ झाली. ब्रॉन्टीचा कुत्रा तेवढा जमीन खरवडत होता. इतक्यात कुठेतरी झाकण खणकन पडलं आणि एक भारदस्त आवाज आला.

"हॅलो? यातली ग्लेनिस कोण? मी लांगी, निकोच्या फोनवरनं बोलतेय."

"मी. निको कसा आहे?"

"डॉक्टरकडे नेला. शनिवार नाहीच म्हणाले, पुढचंही मग बघू म्हणाले. पोरगा माझ्याशी बोलत नाही. तुमचं तर नाव काढलेलं खपत नाही."

ग्लेनिसनं विचारलं, "जेवतोय का?"

"रागानं जेवतोय. दोन-दोन ताटं." लांगी हसली, मग आवाज खाली आणून म्हणाली, "घरात आवाज करायचा नाही म्हणे. आमचं घर कधी गप्प बसलेलं नाही हो. कसं बसायचं तेच कळत नाही. तो सांगायचा, इथे तुम्ही सगळे गप्प बसता. मी बसू?"

"बसा. डोळे मिटा."

झाकण परत वाजलं नाही. थोड्या वेळानं लांगी पुटपुटू लागली. शब्द सामोअन होते, ग्लेनिसला एकही कळला नाही. शेवटचा 'आमेन' तेवढा कळला, तो तिनंही म्हटला.

उघडा डोळे म्हणायला त्या दिवशी तिनं जरा उशीरच केला. ब्रॉन्टीनंही कुरकुर केली नाही.