खिळा – एक नग

गेल्या रविवारी सकाळी शहाडला गेले होते. तिथल्या माझ्या वन बीएचकेच्या भाडेकरूंनी महिनाभरात घर सोडत असल्याचं पत्र दिलं होतं... दोन वर्षांतले हे तिसरे भाडेकरू.

पत्र हाताने लिहिलेलं होतं आणि त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. खरं सांगायचं तर त्यामुळेच ते जास्त लागलं. आधीच्या दोघांनी व्हॉट्सॲपवर रोमन लिपीत दोन ओळी टाकून निरोप घेतला होता. त्यांना दोष देणं सोपं गेलं होतं.

मी ठाण्यात राहते, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. निवृत्तीनंतरची सोय म्हणून एखादं घर घेऊन भाड्याने द्यावं असं ठरवलं, तेव्हा कोलशेतपासून शहाडपर्यंतच्या प्रत्येक भागाचा तक्ता केला होता. जागेची निवड अचूक होती, हे मी आजही ठामपणे सांगेन.

पण घर विकत घेणं हा यातला सर्वांत सोपा भाग असतो, हे मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हतं. सोसायटीची एनओसी, पोलीस व्हेरिफिकेशन, गळका फ्लश, फोन न उचलणारा प्लंबर... आणि भाडेकरू बदलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या रविवारी जिना चढताना मनात एकच विचार होता, विकून टाकावं हे घर.

करार मात्र मी स्वतः लिहिलेला होता. एजंटने आणलेल्या मसुद्यात ‘भाडेकरू’ हा एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिला होता, पुढे वाचवेना. माझ्या मसुद्यातलं चौदावं कलम असं: ‘भिंतींस नव्याने खिळा, स्क्रू वा तत्सम वस्तू लावू नये.’ नव्या रंगाच्या, आरशासारख्या गुळगुळीत भिंती होत्या त्या.

सोबत घरातल्या प्रत्येक वस्तूची यादी. पंखे दोन, नळ पाच... आणि रंगाऱ्याने न काढता तसाच ठेवलेला एक खिळा होता, तोही मी नोंदवला. ‘खिळा (बाहेरची खोली) – एक नग.’

“मॅडम, घर भाड्याने देताय की म्युझियम?” एजंट हसत म्हणाला होता. मी त्याला मनातल्या मनात नापास करून टाकलं.

दार सुजाताने उघडलं. ती नर्स आहे, तिचा नवरा मिलिंद एका गोदामात सुपरवायझर. भिंती सहा महिन्यांपूर्वी होत्या तशाच स्वच्छ. इतके चांगले भाडेकरू का निघालेत, हे मला कळेना.

इतक्यात मिलिंद अंघोळ करून आला. त्याने त्या एकमेव खिळ्यावरचं घड्याळ उतरवून खुर्चीवर ठेवलं, कपाटातून तथागतांची तसबीर काढली, पुसली आणि तिथे लावली. दोघांनी हात जोडून वंदना म्हटली. मग तसबीर कपाटात, घड्याळ पुन्हा खिळ्यावर.

मी न राहवून विचारलं, हे काय?

“शिफ्ट आहे, मॅडम,” सुजाता म्हणाली. “सकाळी तथागत, मग ड्युटीला निघेपर्यंत घड्याळ. आम्ही बाहेर पडलो की कॅलेंडर.”

“घरात कुणी नसताना कॅलेंडर कशाला?”

“भिंत ओकीबोकी वाटते ना!” मिलिंद म्हणाला. “मी तर चिकटवायचे हुक आणलेले. हिने परत करायला लावले. बोलली, ‘तत्सम’मध्ये ते पण येतात.”

इतक्या वर्षांत माझं लिखाण एवढ्या बारकाईने कोणीही वाचलं नव्हतं.

मग खरं कारण कळलं. कळव्याला राहणाऱ्या सुजाताच्या सासूबाई आता कायमच्या इकडे यायच्या आहेत, आणि येताना गेल्या वर्षी वारलेल्या सासऱ्यांचा फोटो आणणार आहेत. “त्यांना एवढंच सामान महत्त्वाचं आहे, मॅडम. आता बाबांना पण शिफ्ट लावायची, हे आईंना कसं सांगू?”

मला एकदा विचारायचं तरी, असं मी म्हणाले. आवाज जरा चढलाच होता.

सुजाता म्हणाली, “विचारणार होतो... पण तुम्ही दर महिन्याला येता ना, तेव्हा आधी भिंतीवरून हात फिरवता. मग आम्हाला विचारता, कसे आहात.”

मी त्याला ‘देखभाल’ म्हणत होते.

नोंदणी झालेल्या करारात खाडाखोड चालत नाही, म्हणून तिच्याकडून कागद मागून घेतला आणि लेखी परवानगी दिली. ‘हवे तिथे खिळे मारावेत.’ खाली सही. कलम नाही, यादी नाही, ‘तत्सम’ नाही... लिहिताना हात जड झाला होता, हे कबूल करते.

सुजाताने तो कागद दोनदा वाचला. आणि माझ्या पर्समधलं ते घर सोडण्याचं पत्र परत मागून घेतलं.

काल तिने एक फोटो पाठवला. भिंतीवर तथागत, घड्याळ, कॅलेंडर. आणि मध्यभागी हार घातलेली सासऱ्यांची तसबीर. खाली सासूबाई खुर्चीत बसलेल्या, अगदी ताठ, जणू त्यांचाच फोटो काढायचा होता.

तसबीर डावीकडे थोडी कललेली आहे. मी तसं टाइपही केलं होतं... मग खोडलं, आणि फक्त ‘छान’ असं लिहिलं.

थकवा गेलेला नाही. फ्लश अजून गळतो आहे. आता यादीतही दुरुस्ती करायला हवी, पण खिळे नक्की किती झाले, ते मी अजून विचारलेलं नाही.