कापसाची पुरचुंडी

आपल्या हाताला गुण नाही, असे माझी थोरली बहीण सहा वर्षे मानत आली. ते खरे नाही हे एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तो मी होतो. मी गप्प राहिलो.

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या वर्षीचा हंगाम. दिग्रसला सरकी काढणाऱ्या एका जिनात मी कापसाची पारख करीत असे. पत्नी वारली होती, मुलगी सासरी होती. विधवा, निपुत्रिक बहीण माझे घर सांभाळायची. सरकीच्या ढिगामागे सापडलेले मांजरीचे पिल्लू तिने घरी आणले. ते फार चावायचे. तिने फडक्यात कापूस बांधून एक पुरचुंडी केली. दात लागले तरी ती हात मागे ओढत नसे. तो निश्चल ठेवी आणि दुसऱ्या हाताने पुरचुंडी पुढे करी. "अंहं, बापा. हात नाही. हा कापूस चाव." पंधरा दिवसांत पिल्लू तिचा हात चाटू लागले.

संध्याकाळी माझ्या खिशात नमुन्याचा कापूस असे. चिमटीत तंतू ओढून लांबी पाहायची बोटांची सवय घरीही सुटत नसे. त्या बोटांवर पिल्लू झेपावे. बहीण चुलीपाशी असली की मी मुद्दाम कापूस नाचवी आणि बोटे चावू देई. दिवसभराच्या धुळीनंतर तेवढीच करमणूक. कापूस वेगळा आणि हात वेगळा, हे तिने शिकवलेले मी रोज पुसत होतो, आणि ते मला कळतही होते.

"शिकलं होतं ना रे भाऊ, मंग आता काहून चावून राह्यलं?" ती विचारी.

"मले काय ठाव?" मी म्हणे.

एका दुपारी ती वाती वळत होती. शेजारणीच्या रांगत्या मुलाने तिच्यापुढचा कापूस मुठीत घेतला आणि पिल्लाने ती मूठच धरली. रक्त आले. शेजारीण मूल उचलून कडाडली, "तुमाले लेकरं वाढवाची सवय नाही, मांजरीले काय वळण लावसान!"

बहिणीने माझ्याकडे पाहिले. मी जेवता जेवता म्हणालो, "तुयाच लाडानं झालं."

दुसऱ्या दिवशी कापूस उतरवून रिकामी परतणाऱ्या एका बैलबंडीत मी पिल्लू पोत्यात घालून दिले. तांड्यावरचा गाडीवान हसला, "बाबूजी, कापूस देऊन वाघ नेऊन राह्यलो की!" मीही हसलो. ते हसू मला आजही सोसत नाही.

बहीण रडली नाही. पुरचुंडी खुंटीला लटकत राहिली. पुढे तिने घरात एकही मुका जीव आणला नाही. शेजारचे मूल जवळ आले की ती हात पदराखाली घेई. रोज ते पाहत मी जेवत होतो.

यंदा मुलगी बाळंतपणाला आली. बाळाला तेल लावायचे होते. बहीण दाराशीच थांबली. "दुसऱ्या कोणाले बोलाव. माह्या हाताले गुण नाही."

मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी खुंटीवरची पुरचुंडी काढली. आतला कापूस पिवळा पडला होता. ती मी बहिणीच्या हातावर ठेवली.

"बाई, ते पिल्लू तू शिकवलं होतं. या कापसानं मी त्याले माही बोटं चावाले लावली, अन् दोष तुयावर टाकला. तुया हातात काही खोट नव्हती. माफ कर मले."