पिंप्राळ्याचं कोडेमंडळ आणि धुळ्याची सून

“हळू बोला हो, सूनबाई धुळ्याची आहे!”

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी, चहाचा ट्रे घेऊन मी हॉलच्या पडद्यामागे उभी असताना हे वाक्य कानावर पडलं. बोलणारे खुद्द माझे सासरे! धुळ्याचं माहेर हा गुन्हा असतो, हे पाहण्याच्या कार्यक्रमात कुणी सांगितलं नव्हतं. मी आत गेले तर तिघंही गप्प, आणि समोरचा कागद पालथा.

कमी बोलणाऱ्या माणसाकडे किस्से फार साचतात. बोलणारे ते वाटेत सांडत जातात, आपण मागून उष्ट्या कपांसोबत उचलून आणायचे. पाच-सहा महिन्यांत माझ्याकडे डबाभर जमले.

हा गुन्हा काय, ते आधी सांगते. आमच्या जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरी दर रविवारी दुपारी कोडेमंडळ बसतं. साधं शब्दकोडं नव्हे, गूढ! म्हणजे सूचना बोट एकीकडे दाखवते आणि उत्तर भलतीकडेच बसलेलं असतं. सभासद तीन. आबा, म्हणजे माझे सासरे, दस्तनोंदणीच्या कार्यालयातून रिटायर झालेले. नाना, भडगावकडचे केळीवाले, मुलांच्या हाती शेती देऊन आता आमच्याच कॉलनीत राहतात. आणि शेजारच्या अक्का, जुन्या मुख्याध्यापिका, ज्यांच्यापुढे नानासुद्धा पाय खाली सोडून बसतात.

असंच एक मंडळ धुळ्याला आहे. त्याचे प्रमुख खैरनार सर. मला शाळेत मराठी शिकवायला तेच होते! दिवाळी अंकात एक मोठं कोडं येतं, सगळं एकाच विषयाभोवती गुंफलेलं. दोन्ही मंडळं एकाच रविवारी अंक उघडतात, पुढच्या रविवारी सहाच्या ठोक्याला फोनवर उत्तरं ताडून पाहतात. हरणाऱ्याने भरीत करून जिंकणाऱ्याच्या गावी न्यायचं. गेली चार वर्षं भरीत जळगावहून धुळ्याला जात होतं.

यंदा आबांनी जाहीरच केलं, “या वेळी हरलो तर मंडळ बंद. मी सुडोकू धरतो.”

अक्कांनी चष्मा काढून पुसला. कुणी संन्यासाची भाषा करावी, तसं सगळे गंभीर झाले.

*

मंडळात पेन्सिलला बंदी आहे. फक्त आबांचं शाईचं पेन. खाडाखोड केलेला दस्त चालत नाही, हे त्यांच्या हाडात मुरलंय. चुकलंच तर चुकीवर एक रेघ, बाजूला दुरुस्ती, आणि दुरुस्तीखाली हजर असलेल्यांच्या सह्या!

एकदा एका अक्षराची दुरुस्ती निघाली. तिघांच्या सह्या झाल्या. नानांची सही लांबलचक, केळीच्या पानासारखी. तिच्याखाली शेजारचे दोन शब्द बुडाले. ते पुन्हा लिहायचे तर आणखी सह्या!

अक्का म्हणाल्या, “आबा, हे कोडं आता कोर्टातच सुटेल.”

*

मी आत गेले की कोडं लपवायचं काम नानांकडे. एका रविवारी मी भजी घेऊन जरा लवकरच गेले. नानांनी घाईघाईने कागद खाली टाकला आणि त्यावर बसले. आबांची शाई ओली होती.

मी रिकामी ताटली न्यायला परत आले, तेव्हा नाना हॉलच्या मधोमध उभे, पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर मागून निळी अक्षरं उमटलेली, आणि कागदावर नुसते निळे ढग. आबा हाताचा छोटा आरसा शोधत होते.

अक्कांनी मात्र वेळ दवडला नाही. “नाना, जरा उजेडाकडे पाठ करा. आडवे नऊ तुमच्याकडे आहे!”

*

दिवाळीचं कोडं उघडलं. मधोमध चार घरांची ओळ आणि तिची सूचना अशी: ‘साती जणी एकदा मांडल्या, साऱ्या गावाने पाहिल्या, पुन्हा कुणी हात लावला नाही. कुठे मांडल्या?’

त्या ‘साती’ कोड्यातच विखुरल्या होत्या. मंडळ रोज बसू लागलं आणि बुधवारपर्यंत सातही सापडल्या: पाळणा, बाहुली, सुपारी, तुळस, पापड, लाडू, करंजी. आता या सगळ्या मिळून काय, ते चार अक्षरांत सांगायचं. तेच अडलं.

माझा नवरा मंगेश सभासद नाही, पण ऑफिसातून आला की डोकावतो. तो म्हणाला, “किराणा दुकान!”

“दुकानात पाळणा?” अक्का कडाडल्या. मग अचानक त्यांचा चेहरा उजळला. “अहो, बारसं! पाळणा आहे, बाहुली आहे, लाडू, सुपारी...”

कागद पालथा करायचं विसरून हॉलमधले सगळे डोळे हळूच दारातल्या माझ्याकडे वळले. मी हातातला चिवडा खाली ठेवावा की नको, मला कळेना.

आबांनी घरं मोजली. “बारसं तीन अक्षरं. इथे चार पाहिजेत.”

“मग राहू द्या,” अक्का म्हणाल्या, आणि सगळे डोळे परत कोड्यात गेले. इतक्या झटपट बाळंतपण कुणाचंच आटोपलं नसेल!

*

शेवटी उत्तर आबांनाच सुचलं. भातुकली! मुली भातुकली मांडतात, सगळ्यांना दाखवतात, मोठ्या झाल्या की हात लावत नाहीत. अक्षरं बरोबर चार. आबांनी पेनाचं टोपण काढलं आणि ठसठशीत लिहून टाकलं.

त्या ओळीला वरून खाली छेदणारा एकच शब्द होता. त्याची सूचना: ‘फळावर जखमेची खूण राहिली तरी लग्नाआधी पोटभर जेवा.’ चार अक्षरं, आणि भातुकलीमुळे तिसरं अक्षर ‘क’.

नाना ताठ बसले आणि त्यांच्या तोंडून अहिराणी निघाली. “फळावर खूण? केळीना रोग शे हाऊ!”

तिसरं अक्षर ‘क’ असलेला केळीचा रोग शोधायला त्यांनी थेट ओळखीच्या कृषी अधिकाऱ्यालाच फोन लावला. अधिकाऱ्याने घाबरून विचारलं, “नाना, लागण किती एकरावर आहे?”

नाना म्हणाले, “चार घरांवर!”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या भडगावच्या मळ्यात कृषी खात्याची जीप येऊन उभी राहिली.

*

शुक्रवारी मला खैरनार सरांचा फोन आला. “काय बेटा, सासरी रमलीस ना? आबा बरे आहेत? झोप लागते का त्यांना सध्या?”

“लागते, सर.”

“आमचं तर झालं बुवा. मधल्या ओळीचं तुमच्याकडे काय धरलंय?”

मी खरं तेच सांगितलं. “सर, मला घरात कुणी काही दाखवत नाही.”

सर बराच वेळ हसले. “हुशार आहेस. माझीच विद्यार्थिनी!”

फोन ठेवून वळले, तर दारात आबा उभे. त्यांनी किती ऐकलं, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी आत गेले की कोडं पालथं व्हायचं थांबलं.

*

रविवार. साडेपाच वाजले. केळीच्या रोगाची घरं अजून रिकामी. आबा पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. नाना आढ्याकडे बघत होते. अक्का स्वतःशीच पुटपुटल्या, “सुडोकूत बोलायला काही नसतं हो. नुसते आकडे.”

मी चहाला म्हणून उठले खरी. पण स्वयंपाकघरात न जाता हॉलमधल्या शोकेसपाशी थांबले. मेपासून ती मीच पुसते. काच सरकवली आणि आतली एकेक वस्तू आणून आबांसमोर टीपॉयवर मांडू लागले. आगकाड्यांचा पाळणा. लोकरीची बाहुली. सुपारीचे भटजी, त्यांची शेंडीसुद्धा शाबूत. थर्माकोलचं तुळशीवृंदावन.

“चहा?” नाना म्हणाले.

मी पाचवी वस्तू ठेवली. माझ्या मावशीने रंगवलेला, टिकल्या लावलेला पापड. सहा महिन्यांत त्याला कुणी हात लावला नव्हता. लाडू-करंज्या तर लग्नातच संपल्या होत्या, त्यांच्या जागी मी दोन वाट्या पालथ्या ठेवल्या.

अक्का टीपॉयकडे बघत राहिल्या. मग इतक्या जोराने ओरडल्या की शेजारचा कुत्रा भुंकू लागला. “रुखवत! आबा, रुखवत हो! सहा महिने आपण यांच्यासमोर बसून भजी खातोय!”

आबांनी मोजलं. रु, ख, व, त. भातुकलीवर एकच सरळ रेघ मारली. तिसरं अक्षर ‘व’ झालं आणि नाना स्वतःच उठून उभे राहिले. “केळवण! केळ आणि वण! अरे, बठ्ठं बरोबर शे!” आणि लगेच खाली बसून म्हणाले, “त्या जीपवाल्याला आता काय सांगू?”

दुरुस्तीखाली सह्या झाल्या. आबांची, अक्कांची, नानांची, त्या वेळी पायातली चप्पल काढत असलेल्या मंगेशचीही. मग आबांनी पेन माझ्यासमोर धरलं. “हजर असलेल्या सगळ्यांची लागते.” मी सही केली. नव्या नावाची पहिलीच, जरा वाकडी आली.

सहाच्या ठोक्याला फोन वाजला. आबांनी तो स्पीकरवर टाकला. पलीकडे धुळ्याचं अख्खं मंडळ, मागे कपबशांचा आवाज.

“मांडा, आबा!” खैरनार सर म्हणाले. “मधली ओळ आमची भातुकली. छेदणारा एक शब्द राहिलाय, तेवढं सोडा. तुमचं?”

आबांनी ‘रुखवत’ म्हटलं, ‘केळवण’ म्हटलं. पलीकडे कपबशा थांबल्या. कागद सळसळला. कुणीतरी हळूच म्हणालं, “सर, बसतंय हो.”

मग सर म्हणाले, “ठीक. भरीत घेऊन आम्ही येतो. रविवारी येऊ?”

आबांनी फोन उचलून माझ्यापुढे धरला. आबा, नाना, अक्का, मंगेश, आणि फोनमधलं सगळं धुळं वाट बघत होतं.

मी म्हणाले, “या ना सर, जरूर या. वांगी तेवढी इकडचीच घ्या. धुळ्याच्या वांग्यांचं भरीत आमच्याकडे कुणी खात नाही!”