शिवलेले दाखले

कारकुनाने माझ्या नातीचे सगळे दाखले एका कोपऱ्याला धरून वर उचलले आणि ते परकराच्या घेरासारखे खाली लोंबले. सात कागद, सातही एकत्र शिवलेले, डाव्या कडेला निळी पट्टी. त्याने ते उलटे केले, सुलटे केले, पट्टीवरून बोट फिरवलं.

"इदेनु, अज्जी?" तो म्हणाला. हे काय म्हणून. मग नातीकडे वळून, "दाखले आणलेत की ब्लाउज?"

मागे रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. नात माझ्याकडे बघत राहिली. आपले दाखले या अवतारात तीही पहिल्यांदाच बघत होती.

"आगल्ला," कारकून म्हणाला. चालणार नाही. "प्रत्येक कागद सुटा स्कॅन करावा लागतो. टीसी आमच्या फायलीत राहते, बाकीचे तुम्हाला परत. हे बाड मी मशीनमध्ये कुठून घालू? नवीन दाखले काढून आणा."

"किती दिवस लागतील?" नातीने विचारलं.

"बोर्डाकडून? महिना तरी धरा."

"आणि प्रवेशाची शेवटची तारीख?"

"आज. चार वाजता खिडकी बंद."

समोरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

नातीने दुसऱ्या कॉलेजातली बी.कॉम.ची जागा आठवड्यापूर्वीच स्वतःच्या सहीने सोडली होती, कारण इथे युनिव्हर्सिटीत सार्वजनिक आरोग्याच्या बी.एस्सी.ला तिचं नाव लागलं होतं. म्हणजे तिकडची जागा गेलेली आणि इकडची चार वाजता जाणार. तिच्या बापाने, माझ्या मुलाने, सकाळी कारखान्याची बस पकडता पकडता बजावलं होतं, "ही सीट घालवलीस तर पुढच्या वर्षी मी पुन्हा धावाधाव करणार नाही. अज्जीच्या मशीनवर बसायचं." पोरीला मशीनवर बसायचं नव्हतं. मलाही ती मशीनवर नको होती. तिची शिलाई वाकडी येते.

हे झालं कसं ते सांगते. आमचं घर शिंप्याचं. सासरे इथे आले तेव्हापासून म्हैसूरमध्ये आम्ही कपडेच शिवतो. कायमच्या गिऱ्हाइकाच्या मापाचे कागद कापून ठेवलेले असतात, पुढचा भाग, पाठ, बाह्या, कॉलर. ते सुटे ठेवले तर एकाची बाही दुसऱ्याच्या कोटाला लागते आणि मग गिऱ्हाईक हात वर करून दुकानात भांडायला येतं. म्हणून माझा नवरा प्रत्येकाचे कागद एका कडेने मशीनखाली घालून एकत्र शिवायचा आणि खिळ्याला टांगायचा. तीच सवय घरच्या कागदांना लागली. रेशनकार्डाचे जुने कागद, घरपट्टीच्या पावत्या, सगळं शिवलेलं. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याच्या प्रतीसुद्धा मी शिवून ठेवल्या आहेत, काळी पट्टी लावून. आजपर्यंत कोणी तक्रार केली नव्हती, नवऱ्यानेही नाही.

आदल्या दुपारी नातीने मला युनिव्हर्सिटीची यादी वाचून दाखवली होती. मूळ कागद, दिलेल्या क्रमाने, एक संच करून आणावेत.

"संच म्हणजे?" मी विचारलं.

"सगळे एकत्र, अज्जी."

मग ती फोटो काढायला गेली. मी मशीनवरचं कव्हर काढलं. दहावी, पीयूसी म्हणजे इथली बारावी, टीसी म्हणजे कॉलेज सोडल्याचा, जातीचा, उत्पन्नाचा, कन्नड शाळेत शिकल्याचा आणि सीट मिळाल्याचं पत्र, असे सात कागद क्रमाने लावले. घरच्या कागदांना मी लांब टाका घालते, लागलं तर ओढून काढता येतो. पण ही युनिव्हर्सिटी. तिथे घरचं काम कसं चालेल? म्हणून टाका बारीक केला, शिलाई दुहेरी मारली आणि वर निळ्या पॉपलिनची पट्टी चढवली. मग सगळं कापडी पिशवीत घातलं आणि पिशवीच्या तोंडाला कच्चा टाका मारला.

ती परत आली. "अज्जी, कागद कुठे?"

"पिशवीत. तिथे गेल्यावर उघड, उगीच हाताळू नकोस."

"क्रमाने लावलेस ना?"

"असे लावलेत की आता कोणाच्या बापाला तो क्रम बदलता येणार नाही."

ती खूश झाली. तेव्हा.

खिडकीसमोर मात्र तिने कारकुनाच्या हातून बाड घेतलं, पट्टीचं टोक चिमटीत धरलं आणि ओढायला लागली. मी तिच्या मनगटावर चापट मारली.

"सोड! ओढलंस तर पोस्टाच्या तिकिटासारखं भोकांवरून फाटेल."

"मग काय करू? तूच सांग आता."

मी कारकुनाला विचारलं, "सुटे करून आणले तर घ्याल?"

"भोकं राहतील, अज्जी."

"भोकांचं नंतर बघू. घ्याल का?"

त्याने मान डोलवली, हो आणि नाहीच्या मधली. "मॅडमना दाखवीन. त्या म्हणाल्या आयतु, चालेल, तर आयतु. पण चारच्या आत." आणि त्याने पुढच्या मुलाला बोलावलं.

बाहेर व्हरांड्यात खिडकीखाली एक बाक होता. मी तिथे पदर पसरला, त्यावर बाड ठेवलं आणि बटव्यातून अर्धं ब्लेड काढलं. चिंधीत गुंडाळलेलं अर्धं ब्लेड मी लग्नालाही घेऊन जाते. नातीला म्हटलं, "दोन्ही हातांनी कागद ताणून धर. हलायचं नाही, शिंकायचं नाही."

एकेक टाका कापायचा, धाग्याचं टोक नखाने उचलायचं, पुढच्या टाक्याला जायचं. ओढायचं नाही. माझं काम चांगलं आहे हे मला माहीत होतं, पण किती चांगलं आहे ते त्या दिवशी कळलं. धागा म्हणून हलेना. तासाभरात मी जेमतेम एक वीतभर उसवलं. कोणा मुलाचे वडील येऊन शेजारी उभे राहिले आणि सांगायला लागले, "अज्जी, एकाच झटक्यात ओढा, सरळ निघेल."

"तुमच्या मुलाचे दाखले आणा," मी म्हटलं, "आधी त्यांच्यावर करून बघू."

ते गेले.

गप्प बसून माझा हात चालत नाही. मी नातीला विचारलं, "तीन वर्षं इथे शिकवणार काय?"

"आता विचारतेस?"

"आता हात अडकलेत, तोंड मोकळं आहे."

ती कागद धरून, मान न हलवता सांगायला लागली. "एक माणूस आजारी पडला तर डॉक्टरकडे जातो. पण अख्खी गल्ली एकदम आजारी पडली तर? पाणी कुठून येतं, कचरा कुठे जातो, कोणी लस घेतली, कोणी नाही घेतली, हे कोणीतरी शोधायला लागतं ना."

"म्हणजे गटारं बघणार."

"हो अज्जी. गटारंपण बघणार."

"त्याला तीन वर्षं? मी आमच्या गल्लीचं गटार तीन मिनिटांत दाखवते."

"तुला दिसतं. ते तसं का आहे ते नाही दिसत."

"का म्हणजे? खालचा हॉटेलवाला त्यात भात टाकतो."

ती हसली आणि कागद हलला. मी ओरडले. मग जरा वेळाने ती म्हणाली, "आणि तू देवळात सगळ्यांना सांगितलंस की मी डॉक्टर होणार. मी कधी म्हटलं डॉक्टर?"

"तू नाही, मी म्हटलं. एकादशीचं भजन सुरू व्हायच्या आत सगळ्यांना समजवायला वेळ नव्हता."

"आता त्या सगळ्या बायका मला गुडघे दाखवतात."

"बघ मग. गुडघ्यांना काय होतं?"

दोन वाजले. कारकून जेवून परतला, आमच्याकडे बघून जिभेने च् च् केलं आणि आत गेला. दुहेरी शिलाईची पहिली ओळ सुटली होती, दुसरी तशीच. डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते बारीक बघून, रडून नव्हे. नात मान वळवून सारखी आतलं घड्याळ बघायला लागली होती, म्हणून तिचं लक्ष दुसरीकडे जावं यासाठी मी तिला एक गोष्ट सांगितली. ही मी तोपर्यंत कोणाला सांगितली नव्हती.

मी चौथीत होते तेव्हा देवीची लस टोचायला माणूस शाळेत येणार होता. मला सुईची भीती नाही, आमच्या घरी सुया पायात मोडतात. पण तो माणूस हात घट्ट पकडायचा, तो मला आवडायचा नाही. आदल्या दिवशी मी वडिलांच्या शिलाईच्या दुकानातल्या कोळशाच्या इस्त्रीचं टोक दंडाला लावलं. गोल डाग पडला. दुसऱ्या दिवशी त्याला दाखवून म्हटलं, मला टोचून झालं. डाग ताजा, लाल, पाणी सुटलेला. तो बघून त्याने वहीत बरोबरची खूण केली आणि पुढच्या मुलीला बोलावलं.

नातीने कागदांवरून नजर उचलून माझ्याकडे बघितलं. "खरं?"

मी दंडावरचा पदर सरकवून डाग दाखवला. अजून आहे.

"अज्जी," ती म्हणाली, "तुझ्यासारख्या माणसांसाठीच हा कोर्स काढलाय."

"म्हणजे मी नसते तर तुला शिक्षण नसतं. कागद सरळ धर."

साडेतीनला शेवटचा कागद सुटला. टीसीच्या खालच्या कोपऱ्याला नखाएवढी चीर पडली, बाकी सगळे धड. आम्ही खिडकीशी गेलो. कारकुनाने एकेक कागद उजेडाकडे धरला. कडेने बारीक भोकांच्या दोन रांगा होत्या, त्यातून ट्यूबलाइट दिसत होती. तो उठला आणि आम्हाला आतल्या खोलीत मॅडमकडे घेऊन गेला.

मॅडम विभागाच्या प्रमुख होत्या. पन्नाशीच्या, चष्मा गळ्यात. त्यांनी कागद बघितले, आम्हाला बघितलं आणि कन्नडमध्ये विचारलं, "हे कसं झालं?"

नात तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हटलं, "उंदीर."

कारकून खोकला.

मॅडमनी टीसी डोळ्यांजवळ नेली. "उंदराने एवढ्या सरळ रेषेत कुरतडलं?"

"आमचे उंदीर शिंप्याच्या घरचे आहेत," मी म्हटलं.

नातीने कोपराने माझ्या बरगडीत ढोसलं. "मॅडम, उंदीर नाही. ही माझी अज्जी. हिने मशीनवर शिवले. संच करायचा असं लिहिलं होतं, ते मी हिला वाचून दाखवलं. संच म्हणजे काय ते नीट सांगितलं नाही. आणि पिशवी मी उघडून बघितली नाही. चूक माझी आहे, उंदराची नाही."

मॅडमनी मला विचारलं, "खरं?"

"अर्धं," मी म्हटलं. "सांगितलं असतं तरी शिवलेच असते."

तेव्हा त्या हसल्या. मग हसू आवरून त्यांनी एकेक कागदावर बोट ठेवून तपासलं. नाव दिसतं, क्रमांक दिसतो, गुण दिसतात, शिक्का अख्खा आहे. एकही टाका अक्षरावरून गेला नव्हता. जाईल कसा? शिलाईसाठी कड सोडायची असते, एवढं मला कळतं. त्यांनी ते बघून विचारलं, "जागा मुद्दाम सोडली होती?"

"मग काय? नाव कोण शिवेल?"

त्यांनी नातीकडून एक अर्ज लिहून घेतला, की कागद खरे आहेत, भोकं घरी पडली, पुढे काही निघालं तर जबाबदारी आमची. खाली नातीने सही केली. मग मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला. "भोकं तुम्ही पाडलीत ना? तुम्हीही करा." मी चौथीपर्यंत शिकलेल्या कन्नडमध्ये माझं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं. त्याला पाच मिनिटं लागली. कारकून घड्याळाकडे बघत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. त्याने खिडकीशी जाऊन शिक्का मारला तेव्हा चारला तीन मिनिटं कमी होती.

बसमध्ये नात खिडकीपाशी बसली आणि म्हणाली, "पदवी मिळाली की ती तुझ्या हातात देणार नाही."

"नको देऊस. पण ते कागद जाड असतात म्हणे. सोळा नंबरची सुई लागेल."

पदवी तिने मला खरंच दिली नाही. काचेची फ्रेम करून आणली आणि उंच टांगली. आता ती म्हैसूरजवळच्या एच. डी. कोटे तालुक्यात वाड्यावाड्यांवर फिरते. लोक पाणी किती दिवस साठवतात, मुलांना डोस दिला की नाही, हे विचारते. कोणी हो हो म्हणाला की ती दोनदा तपासते. ते कोणाकडून शिकली ते मॅडमना माहीत नाही. देवळातल्या बायका अजून तिला गुडघे दाखवतात. निळी पट्टी मी वाया घालवली नाही, धुऊन इस्त्री केली आणि एका गिऱ्हाइणीच्या ब्लाउजच्या गळ्याला लावली.

त्या दिवशी खिडकीसमोर घरच्या आम्ही दोघीच होतो. नात अठराची होती, मी एकाहत्तरची. तिची आई घरी मशीनवर होती आणि बाप हेब्बाळच्या कारखान्यात.