विजेचा डाग

अप्पांच्या कमरेवर चार डाग होते आणि पोटरीवर दोन. विळा लाल करून दिलेले. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या राखल्या. मेंढरू लंगडलं की डाग, माणूस लंगडला की डाग. अप्पा विहिरीच्या कामावर दगड उचलायला वाकले ते कमरेपासून टाचेपर्यंत सणक घेऊनच उठले. सहाही डाग वाया गेले. मग उरली अफू. सकाळी हरभऱ्याएवढी एक गोळी, संध्याकाळी एक. गोळी घेतली की दुखणं थांबायचं आणि अप्पाही थांबायचे. माय काही विचारायची, ते नुसते बघत राहायचे.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. घरात पुस्तकं नव्हती. मी वाचायला शिकलो चळवळीच्या पत्रकांवर, लिहायलाही पत्रकांवरच. डाग देण्याच्या प्रथेविरुद्ध माझी दोन पत्रकं मादन हिप्परग्यापासून निंबर्ग्यापर्यंत वाटून झाली होती. लोक त्यात भजी बांधतात म्हणून मी चिडायचो.

गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात व्यायामाचे उपचार करणाऱ्या बाई होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. त्यांच्याकडे बॅटरीवर चालणारं एक छोटं यंत्र होतं. दोन वायरी, त्यांच्या टोकांना काळ्या रबरी पट्ट्या. पट्ट्यांना चिकट मलम लावून त्या कमरेवर बसवायच्या आणि गोल बटण हळूहळू फिरवायचं. बारीक वीज नसेला गुंतवून ठेवते, मग दुखण्याची वर्दी मेंदूपर्यंत धड पोचत नाही, असं अक्का सांगायच्या.

अप्पा टेबलावर झोपायलाच तयार नव्हते. "करंट लावून मारायलास का लेका मला?"

"घाबरू नका अप्पा. विजेचा डाग समजा."

ते मुकाट्याने पालथे झोपले. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

अर्ध्या तासाने ते ताठ उभे राहिले. "नुसत्या मुंग्या चालायल्यात," म्हणून हसले. कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. अक्कांनी यंत्र पंधरा दिवसांसाठी घरी न्यायला दिलं. पट्ट्या कुठे लावायच्या, बटण किती फिरवायचं, हे सांगायला त्यांनी मला दोनदा हाक मारली. मी व्हरांड्यातल्या पेशंटांना डाग देणं कसं रानटी आहे ते पटवत होतो. "आलो, आलो," म्हणालो आणि गेलो नाही.

घरी येताच अफूची डबी मी खिशात घातली. माय म्हणाली, "एकदम तोडू नको रे बाबा." मी तिलाही भाषण दिलं. दुसऱ्या दिवशी नौबादला आमच्या चळवळीची बैठक होती. तिथे ती डबी टेबलावर ठेवून बोललो आणि टाळ्या घेतल्या. तिथेच चार दिवस राहिलो.

परत आलो तेव्हा अप्पा घामाने भिजलेले होते. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया. दोन्ही पट्ट्या बरोबर जुन्या डागांवर आणि बटण शेवटपर्यंत फिरवलेलं. मी पट्ट्या ओढून काढल्या. कडेकडेने फोड आले होते.

"डागावर कामून लावलात?"

"मग कुठं लावू? दुखण्याचं तोंड तिथं हाय म्हणूनच तर डाग दिल्ता."

"आणि बटण एवढं?"

"चार दिस काईच लागत न्हवतं. आज चटका बसला, तवा कळलं, औषध लागायलंय." मग ते माझ्याकडे वळले. "तूच म्हणलास न्हवं, इजेचा डाग म्हणून? पोळल्याबिगर डाग लागतो व्हय?"

माय चुलीपुढून म्हणाली, "आता लिव्ह तिसरं पत्रक."

दुसऱ्या दिवशी अक्कांनी फोड बघितले. अप्पांना एका शब्दाने न बोलता त्या मला म्हणाल्या, "मेलेल्या कातडीला मुंग्या कळत नाहीत, म्हणून ते बटण वाढवत गेले. आणि गोळी कुणी तोडली? ती हळूहळू कमी करायची असते. हेच सांगायला बोलावत होते तुम्हाला, अण्णा." त्यांनी पट्ट्या डाग सोडून चार बोटं बाजूला, चांगल्या कातडीवर लावल्या. बटण अगदी जरासं फिरवलं. अप्पांचा चेहरा हळूहळू सैल पडला.

"कसं वाटायलंय?" मी विचारलं.

"कमी हाय दुखणं." मग नाराजीने, "पण पोळतच न्हाई. ह्ये कसलं औषध?"

यंत्र अक्कांनी ठेवून घेतलं. आठवड्यातून दोनदा इथेच या, म्हणाल्या. म्हणजे प्रत्येक खेपेला आळंदला बस बदलायची आणि दुखरी कंबर घेऊन खड्डे खात जायचं. माझ्या माहितीत दोन जिल्ह्यांत मिळून ते एकच यंत्र होतं, आणि ते घरी येऊन माझ्यामुळे परत गेलं होतं. रागावायला दुसरं कुणी सापडेना.

परतीच्या बसमध्ये अप्पांना पुन्हा घाम आणि जांभया सुरू झाल्या. मी खिशातून डबी काढली, गोळी नखाने अर्धी केली आणि त्यांच्यापुढे धरली. त्यांनी डबीतल्या दुसऱ्या अर्ध्याकडे बघितलं.

"ती कामून ठिवलास?"

"अक्कांनी सांगितलंय."

"अक्का म्हणल्या व्हय? मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि अर्धी गोळी तोंडात टाकली.