वेदीवरची गिटार

जयसिंग पाटोळे टर्नर होता आणि गिटार वाजवायचा. चौऱ्याहत्तर साली पिंपरीत टर्नर पुष्कळ होते. गिटार वाजवणारा मी तो एकच पाहिला.

आम्ही शेजारी राहायचो. मी मराठी घेऊन बी.ए. झालो होतो आणि घरी बसलो होतो. एका सकाळी जयसिंग तिसरी पाळी संपवून थेट आमच्याकडे आला. हाताला ग्रीस होतं. येशूवर गाणं करतोय, ‘तारणारा’ला यमक हवं, म्हणाला. मी ‘अंधार सारणारा’ म्हणालो. तो खूश होऊन गेला. त्या दिवसापासून तो मला बी.ए. म्हणायला लागला. बँडचा कवी म्हणून माझी नेमणूक झाली आहे, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

बँडचं नाव गालील बीट ग्रुप. बँड ख्रिस्ती, माणसं चार, त्यात ख्रिस्ती दोन. जयसिंग आणि खंडू साळवे हे नगरकडचे ख्रिस्ती; खंडू गायचा. भिवा बौद्ध. तो ॲकॉर्डियन वाजवायचा आणि भीमजयंतीच्या दिवसांत कुणाला सापडायचा नाही. ज्योतीराम साताऱ्याचा. गणपतीत ताशा वाजवून त्याचा हात तयार झाला होता, म्हणून ड्रम त्याच्याकडे. हे कसं जमलं असं मी जयसिंगला विचारलं. तो म्हणाला, “जो ओव्हरटाइम सोडून तालमीला येतो तो आपला.”

अडचण धर्माची नव्हतीच. अडचण पाळ्यांची होती. चौघे चार कंपन्यांत. पाळ्या बदलत राहायच्या आणि चौघांच्या मिळून कधी जुळायच्या नाहीत. तालमीला तिघे यायचे. न येणारा दर वेळी वेगळा. त्यावर त्यांनी कारखान्यातलाच उपाय काढला. लाईनवर एक माणूस आला नाही की शेजारचा त्याचं मशीन सांभाळतो. तसं प्रत्येकाने प्रत्येकाचं वाद्य शिकून घेतलं. भिवा नसला की खंडू ॲकॉर्डियन ओढायचा. ज्योतीराम नसला की जयसिंग ड्रमवर बसायचा. मला हे फार थोर वाटलं. गालील बीट ग्रुपच्या चौघांना एकत्र मात्र कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही.

तालीम निगडीला व्हायची, प्राधिकरणातल्या एका अर्धवट बांधलेल्या बंगल्यात. चिखलीचे सोपानराव तिकडून म्हशी न्यायचे. एकदा ते थांबले, अख्खं गाणं उभ्याने ऐकलं आणि म्हणाले, “व्हय रं, ह्ये देवाचं हाय का गिरणीचं?”

देवाचं, असं जयसिंगने सांगितलं.

“मंग देवाला कमी ऐकू येतं व्हय?” सोपानराव म्हणाले आणि म्हशी घेऊन गेले. पुढे ते लांबच्या वाटेने जायला लागले.

बँड वाढला. खंडूच्या मेहुणीच्या लग्नात वाजला. चऱ्होलीला एका बारशात वाजला. ते बाळ रडलं नाही म्हणून दुसऱ्या बारशाचंही आमंत्रण आलं. चाकणला तर वरातीतला घोडा त्यांच्या ठेक्यावर चालला. फक्त एका ठिकाणी त्यांना बंदी होती, आणि जयसिंगला तेवढंच ठिकाण हवं होतं. आमच्या वस्तीमागचं पत्र्याचं देऊळ. त्याची मंडळी चर्चला देऊळच म्हणायची.

“बाकी गावभर वाजवून काय उपयोग, बी.ए.? गाणं ज्याचं त्याच्याच घरात बंदी,” तो म्हणायचा.

बंदी घालणारे त्याचेच वडील होते. साहेबराव बासष्ट साली नगर जिल्ह्यातून आले, औषधांच्या कारखान्यात बॉयलरवर लागले आणि आता रिटायर झाले होते. ते देवळातल्या पंचांचे मुख्य होते. उपासनेत तबलाही तेच वाजवायचे. त्यांच्या मते देवाची गाणी पेटी आणि तबल्यावर व्हावीत. बायबलातल्या दावीद राजाने वीणा वाजवली, तिला प्लग होता का, असं ते विचारायचे.  जयसिंग माझ्याकडे बघायचा. मी बी.ए. होतो, पण मराठीचा, वीणेचा नाही.

दिवाळीनंतर देवळात कापणीचा सण असायचा. गावाकडे मंडळी पहिलं पीक वेदीपुढे आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. पिंपरीत शेत कुणाकडे? मग लोक कोंबड्या आणायचे, परसातला भोपळा आणायचे, गोधडी आणायचे. एका फिटरने घरी घडवलेला कोयंडा आणला होता. लिलाव साहेबराव करायचे. त्यांचे दोन नियम होते. वेदीवर आलेली वस्तू परत धाडायची नाही. आणि विकत घेतलेली वस्तू वाया घालवायची नाही, कारण ती देवाची आहे. दुसरा नियम त्यांच्याच अंगाशी आला होता. एका वर्षी बोली चढवायला म्हणून ते कारल्यांच्या पाटीवर बोलले आणि ती त्यांच्याच गळ्यात पडली. पाटोळ्यांच्या घरी नाताळपर्यंत कारली शिजली. जयसिंगची आई सोजरबाई ती गोष्ट दुष्काळ सांगावा तशी सांगायची.

शहात्तर सालच्या सणाला ज्योतीरामच्या कंपनीत संप होता. खंडूने पाळी बदलून घेतली. भिवाने मावशी आजारी पाडली. चौघेही इस्त्रीचे शर्ट घालून मागच्या रांगेत बसले. ड्रम आणि ॲकॉर्डियन दाराबाहेर पोत्याखाली ठेवलं होतं. मी शेजारी होतो. काय होणार आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

अर्पणं द्यायला आमची रांग उठली. जयसिंगने बाहेरून गिटार आणली, पुढे गेला आणि भोपळ्याला टेकवून ठेवली.  पाय बांधलेल्या एका कोंबडीने तारेला चोच मारली. गालील बीट ग्रुपचा देवळातला पहिला सूर तो.

साहेबरावांनी आधी सगळ्या कोंबड्या विकल्या. मग भोपळे विकले. मग गोधड्या. शेवटी दुसरं काहीच उरलं नाही तेव्हा कोंबडी धरावी तशी त्यांनी गिटार मानेला धरून उचलली.

“गिटार एक,” ते म्हणाले.

“सोबत चार माणसं आणि एक गाणं,” जयसिंग मागून म्हणाला.

“सोबतचं कुणी विचारलं?”

पाळकांनी, म्हणजे देवळाच्या पाद्रींनी, हळूच आठवण करून दिली की आलेलं परत धाडायचं नाही, हा नियम साहेबरावांचाच आहे.  मग साहेबरावांनी स्वतःच बोली लावली. सगळ्यांना कळलं. गिटार विकत घ्यायची आणि माळ्यावर टाकायची.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने बोली वाढली. सोजरबाई. माना वळल्या. साहेबरावांनी चढवली. बाईंनी त्यावर चढवली. एकाच डब्यातले पैसे दोन्ही बाजूंनी बोलत होते. पाळकांनी कपाळाला हात लावला. शेवटी साहेबराव मोठ्याने बोलले आणि सोजरबाई गप्प झाल्या. त्यांनी पदर सारखा केला. एक वार, दोन वार, तीन वार. गिटार साहेबरावांची झाली.

जयसिंगची मान खाली गेली. मला वाटलं, संपलं. त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही हे ठरवेपर्यंत सोजरबाई शेजारच्या शालनबाईंशी बोलल्या. शालनबाईंशीच, पण सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं.

“कारली आठवतात ना, शालनबाई?”

आधी बायका हसल्या. मग पुरुष. पाळकांनी तोंडावर रुमाल धरला. साहेबराव गिटार हातात घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. विकत घेतलेलं वाया घालवायचं नाही.

“वाजवा,” ते म्हणाले.

चौघे पुढे आले. गिटारीची वायर लिलावाच्या लाउडस्पीकरला जोडली. आणि तेव्हा मला त्या थोर उपायाचा अर्थ कळला. प्रत्येकाला गैरहजर माणसाचं काम करायची सवय, आणि आज कुणीच गैरहजर नव्हतं. जयसिंग आणि ज्योतीराम दोघेही ड्रमवर बसायला गेले. जयसिंग उठला तर खंडूने तोवर गिटार गळ्यात घातली होती. ती सोडवून झाली. मग चौघांनी चार वेगांत वन टू थ्री मोजलं आणि चौघांनीही पहिली ओळ सुरू केली. ‘तारणारा’ चार वेळा आला. ‘अंधार सारणारा’ कुठे गेला ते कळलं नाही. सोपानराव तिथे नव्हते हे बरं झालं.

साहेबरावांनी एक कडवं सोसलं. मग ते बसले, तबला पुढे ओढला आणि हातोडीने दोनदा ठोकला. “लय कुठंय?” ते म्हणाले. “चार जण आहात, एकानंही धरली नाही?” त्यांनी ठेका धरला. बॉयलरवर दहा-बारा वर्षं काढलेला माणूस. दाब वाढू दिला नाही, कमी होऊ दिला नाही. आधी ज्योतीराम त्या ठेक्यात आला, मग भिवा, मग खंडू, आणि शेवटी जयसिंग. दुसरं कडवं एकच वाजलं. शालनबाई टाळ्या वाजवत होत्या. माझ्या ओळी मला पहिल्यांदा ऐकू आल्या.

पंचांनी बँडला परवानगी दिली. अट एकच, तबल्यावर साहेबराव. त्यांना पाळी नव्हती, त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाला हजर असणारे तेच एकटे. तळेगावापर्यंत लोक ‘साहेबरावांचा बँड’ म्हणायला लागले. ब्याऐंशी साली एक कॅसेट निघाली. कव्हरवरच्या फोटोत मधोमध साहेबराव आहेत, बाजूला तिघे, आणि एका खुर्चीवर नुसती गिटार. फोटोच्या दिवशी जयसिंगची दुसरी पाळी होती.

मी त्याला विचारलं, वाईट नाही वाटलं? तो म्हणाला, “गिटार आहे ना वेदीशेजारी. माझं तोंड कशाला हवं?”

गिटार मात्र शेवटपर्यंत साहेबरावांचीच राहिली. लिलावात घेतलेली वस्तू, ती कुणाला दिली नाही. ती ते देवळात कुलपात ठेवायचे. रविवारी पहिली पाळी आटोपून जयसिंग संध्याकाळच्या उपासनेला धावत यायचा आणि दारातच विचारायचा, “बाबा, गिटार घेऊ?”

साहेबराव तबल्यावरून मान वर करायचे नाहीत.

“हात धुतलेस?”

जयसिंग आपल्या हातांकडे बघायचा. ग्रीस असायचंच. मग तो मुकाट्याने मागच्या नळावर जायचा.