एका कॉलमात मावलेला चोर

सायंदैनिकाच्या कचेरीत त्याला सगळे कात्री म्हणायचे. तोंडावर कात्रीसाहेब, पाठीमागे नुसतंच कात्री. बातमीदाराने हातभर लिहून आणलं की हा ते वीतभर करणार, आणि वर विचारणार, काय कमी झालं ते दाखव. पोलिसांच्या बातम्या शिकवताना तर तो नव्या मंडळींना अगदी वात आणायचा. चौकशीला बोलावलेला माणूस हा नुसता चौकशीला बोलावलेला. पकडलं, तरच अटक म्हणा. आरोप ठेवला, तर आरोपी. आणि गुन्हेगार ठरवायचा हक्क न्यायालयाचा, आपल्या तीर्थरूपांचासुद्धा नाही.

"पायरी तुम्ही चुकाल," तो म्हणायचा, "आणि पाय मोडेल भलत्याचाच."

असा हा माणूस, आणि घात त्याच्याच हातून व्हावा!

झालं ते असं. एका सराफाच्या दुकानात चोरी झाली आणि पोलिसांनी शेजारच्या घड्याळजीला चौकशीला बोलावलं. बातमीदाराने तसंच लिहिलं होतं, शब्द न् शब्द बरोबर. पण पान छपाईला सोडायची वेळ झालेली, ऐनवेळी एक जाहिरात येऊन बसलेली, आणि बातमीला उरला एकच कॉलम. 'चौकशीसाठी बोलावले' त्या चिंचोळ्या जागेत काही केल्या मावेना. छपाईवाला डोक्यावर उभा. कात्रीने मथळा दिला, 'घड्याळजीच निघाला चोर'. मावला की हो, अगदी चपखल! खाली मजकुरात खरं काय ते आहेच, अशी त्याने मनाची समजूत घातली. आता रस्त्यात उभ्या उभ्या पेपर चाळणारा माणूस खालचा मजकूर वाचत नाही, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

घड्याळजी त्याच दिवशी सुटून घरी आला. पुढे खरा चोर सापडला, सराफाचा मेव्हणा. न्यायालयातही तसंच ठरलं, म्हणून त्याला चोर म्हणतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी झाली होती.

कात्रीने दिलगिरी लिहिली. आतल्या पानावर, कोपऱ्यात, चार ओळी. त्या चारही त्यानेच कापून केलेल्या. बायकोने वाचून विचारलं, चोर म्हणताना एवढाल्या अक्षरांत, आणि नाही म्हणताना चष्मा शोधावा लागतो, हे हो कसलं? त्याने पेपराची घडी घातली. थेंबाने गेलेली अब्रू हौदाने येत नाही म्हणतात. इथे हौद राहिला दूरच, चमचाभर पाणीसुद्धा कुणी घातलं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर ते त्याला जास्तच खायला लागलं. शेवटी एका दुपारी, वडिलांचं बंद पडलेलं घड्याळ खिशात टाकून तो निघाला. बायकोला सांगून निघाला, की आज माफी मागतो, तो बोलेल ते ऐकून घेतो आणि मोकळा होतो.

घड्याळजी त्याला ओळखत नव्हता. कुठून ओळखणार? मथळ्याखाली कुणाचं नाव नसतं. त्याने डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडलं आणि समोरचं स्टूल दाखवलं. बसा, तुमच्यासमोरच करतो, म्हणाला. कात्री म्हणाला, घाई नाही, उद्या नेतो की. त्यावर घड्याळजीने मान हलवली. तो कुणाचीच वस्तू ठेवून घेत नसे. पूर्वी टेबलाचा खण घड्याळांनी गच्च भरलेला असायचा, पण पेपरात ते आलं आणि दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली, आपापलं घड्याळ परत न्यायला. काहींनी तर तिथेच उघडून बघितलं, आतलं काही काढलंय का म्हणून. तेव्हापासून जे काय करायचं ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. त्यामुळे मोठी कामं येतच नव्हती, पट्टे बदलायचे नि सेल घालायचे. हे सगळं त्याने न चिडता सांगितलं, आणि कात्रीला स्टुलावर बसवेना.

"नंतर छापलं होतं म्हणे त्यांनी, चूक झाली म्हणून," घड्याळजी म्हणाला. "पण ते वाचलेला माणूस मला आजवर भेटला नाही."

"मी वाचलंय," कात्री म्हणाला.

घड्याळजीने भिंग काढलं. त्याचा चेहरा एकदम उजळला. आता तो मथळा माझाच, असं सांगायचं म्हणजे ह्या माणसाचा एकुलता एक साक्षीदार हिरावून घ्यायचा.

"मग तुम्ही ठेवून जा," घड्याळजी म्हणाला. "काम मोठं आहे, सावकाश करतो."

त्याने खण ओढला. आत कप्पेच कप्पे, सगळे रिकामे. त्यातला एक त्याने फुंकर मारून साफ केला, कापडाने पुसला, घड्याळ आत ठेवलं आणि खण हळूच लावला.

कात्री घरी आला तेव्हा बायको दारातच उभी होती. सांगितलंत का, तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "त्याने माझ्यावर विश्वास ठेवला गं."